दुखणे आणि गोळी : आयबुप्रोफेन व मेटफॉर्मिन यांचा तौलनिक विचार

१. विषयप्रवेश

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव आज तेथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. या गावातील एखाद्या औषधांच्या दुकानात सायंकाळच्या वेळी अर्धा तास उभे राहावे, म्हणजे दोन प्रकारची वाक्ये बहुधा कानी पडतात. ‘डोकं फार ठणकतंय, दोन गोळ्या द्या’ हे एक. आणि ‘शुगरची गोळी सध्या बंदच आहे, रिपोर्ट नॉर्मल आला ना’ हे दुसरे. पहिले वाक्य बोलणारा दिवसभर संगणकासमोर बसून आलेला विदर्भातील किंवा मराठवाड्यातील तरुण असेल. दुसरे बोलणारे याच गावातले एखादे वयस्क गृहस्थ असतील. क्वचित् ही दोन्ही वाक्ये एकाच मुखातून, एकापाठोपाठ एक, बाहेर पडतात. दुकानदार दोघांनाही गोळीच देतो, आणि दोन्ही वस्तूंना आपण ‘गोळी’ असेच म्हणतो. तथापि, या दोन गोळ्यांमध्ये जितके अंतर आहे तितके दोन औषधांमध्ये क्वचितच आढळेल.

प्रस्तुत लेखात आयबुप्रोफेन हे नित्याचे वेदनाशामक आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील तोंडाने घ्यावयाचे औषध यांची तुलना करावयाची आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. म्हणून कोणी कोणते औषध घ्यावे याचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. प्रश्न वेगळा आहे. मेटफॉर्मिन घेणारी अनेक माणसे ते मध्येच का सोडून देतात? या प्रश्नाला खर्चाची, त्रासाची व विसराळूपणाची उत्तरे आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला एक उत्तर आपल्या भाषेतही दडलेले आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. थोडक्यात सांगावयाचे तर, आजाराचे आणि औषधाचे आपले सारे शब्द वेदनेच्या अनुभवातून घडले आहेत. मधुमेह बहुधा दुखत नाही, म्हणून त्याचे औषध आपण वेदनाशामकाच्या मापाने मोजतो, आणि त्या मापात ते बसत नाही.

२. रोगवाचक शब्दांतील वेदना

मराठीत ‘दुखणे’ हा शब्द क्रियापदही आहे आणि नामही आहे. ‘पाठ दुखते’ यात तो वेदनेची क्रिया सांगतो. ‘त्याचे दुखणे लांबले’ यात तो सबंध आजाराचा वाचक होतो, मग त्या आजारात प्रत्यक्ष वेदना असो वा नसो. ‘दुखणाईत’, ‘दुखणेकरी’, ‘दुखणे अंगावर काढणे’, ‘दुखण्यातून उठणे’ हे सारे प्रयोग या दुसऱ्या अर्थाचे आहेत. हिंदीतही ‘दुखना’ आहे. परंतु तेथे आजाराचे सामान्य नाव ‘बीमारी’ आहे. मराठीने मात्र वेदनेचेच नाव आजाराला दिले.

हा योगायोग एका शब्दापुरता असता तर त्यावर फारसा भार देता आला नसता. परंतु ‘आजार’ हा फारसीतून आलेला शब्द घेतला तरी त्याचा मूळ अर्थ पीडा, उपद्रव, यातना असाच आहे. ‘रोग’ हा संस्कृत शब्द ‘रुज्’ या धातूपासून आला. त्या धातूचा अर्थ मोडणे, पीडा देणे असा होतो, आणि त्याचाच सोदर ‘रुजा’ हा शब्द थेट वेदनेचा वाचक आहे. अशा रीतीने तत्सम, फारसी व तद्भव असे तीन वेगळ्या वाटांनी आलेले तीन शब्द एकाच ठिकाणी येऊन मिळतात. जे पिडते ते दुखणे, आणि ज्याची पीडा थांबली ते दुखणे बरे झाले, असा या शब्दांत मुरलेला सिद्धांत आहे. ताप, खोकला, जखम, हाडमोड यांच्या बाबतीत तो पुष्कळ अंशी खराही आहे.

‘मधुमेह’ या शब्दाची घडण याहून निराळी आहे. ‘मिह्’ म्हणजे शिंपडणे, मूत्रविसर्जन करणे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक आहे. येथे रोगाचे नाव रोग्याला काय वाटते यावरून पडलेले नाही; पाहणाऱ्याला त्याच्या मूत्रात काय आढळते यावरून पडले आहे. पाश्चात्त्य नावाचेही तेच. त्यातील ग्रीक अंशाचा अर्थ ‘आरपार वाहून जाणे’ असा, तर लॅटिन अंशाचा ‘मधासारखे गोड’ असा आहे. वेदनेचा उल्लेख या दोन्ही नावांत नाही. बोलीने मात्र ही दोन्ही नावे बाजूला सारून ‘शुगर’ हा शब्द पत्करला. ‘मला शुगर आहे’ आणि ‘माझी शुगर वाढली’ या दोन वाक्यांत एकच शब्द एकदा रोगाचे व एकदा रक्तातील द्रव्याचे नाव होतो. या दुहेरी उपयोगाचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

३. पहिली गोळी

आयबुप्रोफेनचा शोध इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे बूट्स कंपनीच्या प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट ॲडम्स व त्यांचे सहकारी यांनी १९६१च्या सुमारास लावला, आणि १९६९ साली ते ब्रिटनमध्ये रुग्णांना मिळू लागले. या वर्गातील औषधे शरीरात नेमके काय करतात हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनच्या अभ्यासातून दाखविले. त्या कार्याबद्दल त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शरीरात कोठे इजा किंवा दाह झाला की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती मज्जातंतूंची टोके अधिक हळवी करतात, आणि एरवी न जाणवणारा स्पर्शही दुखू लागतो. ही द्रव्ये घडविणाऱ्या विकराला आयबुप्रोफेन अटकाव करते.

परिणाम साधारणपणे अर्ध्या तासात जाणवू लागतो व चार ते सहा तास टिकतो. दाढदुखीचा रोगी घड्याळाकडे पाहत असतो, आणि घड्याळ त्याला औषधाच्या गुणाची साक्ष देते. या गोळीचे मूल्यमापन करावयास तिसऱ्या माणसाची गरज नाही. जो घेतो तोच तिचा परीक्षक. वेदना गेली की गोळी थांबवावी, हा या औषधाचा योग्य नियमही आहे. किंबहुना ती न थांबविणे हाच येथे दोष ठरतो. दीर्घकाळ घेतल्यास ती जठराच्या अस्तराला इजा करते. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे काही महिने, डोकेदुखीसाठी वेदनाशामके घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, हेही वैद्यकाला मान्य आहे.

४. दुसरी गोळी

मेटफॉर्मिनचा इतिहास अधिक संथ आहे. युरोपात गॅलेगा नावाच्या वनस्पतीचा औषधी उपयोग फार पूर्वीपासून होता. तिच्यात ग्वानिडीन वर्गातील द्रव्ये आहेत. त्या द्रव्यांशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन डब्लिन येथे एमिल वर्नर व जेम्स बेल यांनी १९२२ साली प्रयोगशाळेत तयार केले. मधुमेही रुग्णांवर त्याचा उपयोग फ्रान्समधील वैद्य जाँ स्टर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती १९९४ साली. स्टर्न यांच्या काळी या औषधाला ‘ग्लुकोफाज’, म्हणजे ग्लुकोज खाणारे, असे व्यापारी नाव मिळाले. नाव आकर्षक असले तरी ते दिशाभूल करणारे आहे. आपल्याकडचा ‘शुगर मारणारी गोळी’ हा प्रयोगही त्याच जातीचा होय.

वस्तुतः मेटफॉर्मिन साखर खातही नाही आणि मारतही नाही. आपले यकृत उपाशीपोटी, विशेषतः रात्री, स्वतः ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत असते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हा पुरवठा गरजेपेक्षा अधिक होतो. मेटफॉर्मिन प्रामुख्याने त्याला आवर घालते, आणि शरीराच्या पेशींना इन्शुलिनची आज्ञा अधिक चांगली ऐकावयास लावते. स्वादुपिंडाला ते अधिक इन्शुलिन सोडावयास भाग पाडत नाही. म्हणून एकट्या मेटफॉर्मिनने रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग विरळा.

या औषधाचा गुण घेणाऱ्याला जाणवत नाही. प्रारंभी जाणवतो तो बहुधा त्रासच : मळमळ, पोटात गुरगुर, अतिसार. म्हणूनच ते थोड्या मात्रेने, बहुधा ५०० मिलिग्रॅमपासून आणि जेवणाबरोबर, सुरू करतात. गुण पाहावयाचा तर रक्त तपासावे लागते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यांच्यातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. एचबीए-वन-सी ही तपासणी ती हीच. पहिल्या गोळीचे घड्याळ मिनिटांचे, तर दुसरीचे पंचांग महिन्यांचे आहे. आणि अंतिम फळ त्याहूनही लांबचे. ब्रिटनमधील एका प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्थूल मधुमेह्यांमध्ये मधुमेहजन्य गुंतागुंतींचे प्रमाण, केवळ आहारावर भर दिलेल्या रुग्णांच्या तुलनेने, ३२ टक्क्यांनी कमी आढळले. हे दिसून येण्यास सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वेदनाशामकाने वेदना थांबली, हे विधान एका व्यक्तीबद्दल करता येते. मेटफॉर्मिनने अमुक एका गृहस्थांचा हृदयविकार टळला, असे कोणालाच निश्चितपणे म्हणता येत नाही. शेकडो माणसांचे दोन गट वर्षानुवर्षे शेजारी ठेवून पाहिले तरच ते दिसते. जे घडले नाही त्याचा अनुभव कोणाला येणार?

५. व्याकरणाची साक्ष

आता या दोन औषधांविषयी आपण कसे बोलतो ते पाहू. वेदनेसाठी मराठीजवळ क्रियापदांचा मोठा साठा आहे : डोके ठणकते, गळू ठसठसते, दाढ सणकते, जखम चुरचुरते, डोळे चुरतात, कंबर भरून येते, पोटात कळ येते, छातीत चमक निघते. बोलणारा आपल्या वेदनेची जात, जागा आणि लय एका शब्दात सांगू शकतो. जेथे क्रिया आहे तेथे आरंभ व अंतही आहेत. म्हणून ‘दुखायचे थांबले’ हे वाक्य सहज संभवते.

मधुमेहाजवळ असे क्रियापद नाही. तो ‘आहे’ किंवा ‘निघाला’. ‘तपासणीत शुगर निघाली’ हा प्रयोग विचार करण्याजोगा आहे. जणू ती कोठेतरी दडून बसली होती. त्यापुढची क्रियापदे मोजमापाची आहेत : शुगर वाढली, उतरली, कंट्रोलमध्ये आली. येथे मागे उल्लेखिलेला दुहेरी अर्थ आपले काम करतो. रोगाचे आणि रक्तातील साखरेचे नाव एकच असल्यामुळे ‘शुगर नॉर्मल आली’ याचा अर्थ ‘रोग गेला’ असा सहज लागतो. वास्तविक अहवालातील आकडा आटोक्यात आला तो गोळी चालू होती म्हणून. गोळी बंद करण्यास आधार म्हणून जो आकडा पुढे केला जातो, तो त्या गोळीचाच गुण असतो. ‘ताप उतरला’ आणि ‘शुगर उतरली’ ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या सारखी आहेत. परंतु उतरलेला ताप बहुधा गेलेला असतो, उतरलेली शुगर मात्र धरून ठेवलेली असते.

याहून बोलका पुरावा ‘लाग’ या धातूचा आहे. वेदनाशामकाने काम केले की आपण म्हणतो, ‘गोळी लागू पडली.’ हे कौतुक आहे. मधुमेहाच्या रुग्णाविषयी मात्र म्हणतो, ‘त्यांना गोळी लागली’, आणि पुढे सुस्कारा टाकतो, ‘एकदा लागली की सुटत नाही.’ लागणे आणि सुटणे ही जोडी मराठीत कोठे वापरली जाते ते आठवावे : व्यसन लागते व सुटत नाही, नाद लागतो, पिच्छा लागतो, साडेसाती लागते. अशा रीतीने रोज घ्यावयाचे औषध भाषेत व्यसनाच्या व पीडेच्या पंक्तीला जाऊन बसते. मग ते सोडून दाखविणे हा निग्रहाचा, अभिमानाचा विषय होतो. ‘मी गोळी सोडली’ असे सांगणाऱ्याच्या स्वरात सिगारेट सोडणाऱ्याचा स्वर ऐकू येतो. वस्तुतः मेटफॉर्मिन व्यसन लावीत नाही. आणि ज्या गोळीच्या अतिवापराने पुन्हा तीच गोळी घ्यावीशी वाटावी अशी डोकेदुखी उद्भवते, ती वेदनाशामकाची. भाषेने येथे दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली आहे.

भाषा माणसाला बांधून टाकते असा टोकाचा सिद्धांत येथे मांडावयाचा नाही. ज्याला वैद्याने नीट समजावून सांगितले आहे तो याच भाषेत राहून गोळी नियमाने घेतो. एवढेच म्हणावयाचे आहे की, समजावून सांगणारे कोणी नसेल तेव्हा माणूस हाताशी असलेल्या शब्दांनी विचार करतो.

६. जेथे दोन्ही गोळ्यांची गाठ पडते

येथवर दोन्ही औषधांचा स्वतंत्र विचार केला. व्यवहारात ती एकाच घरात, पुष्कळदा एकाच डब्यात असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याभोवतीच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात असे दिसले की, येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी असली तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नसते. म्हणजे रोगाची पूर्वतयारी दिसण्यावरूनही ओळखू येईलच असे नाही. ‘एवढा सडपातळ माणूस, त्याला कसली शुगर?’ हे हिंजवडीच्या परिसरातही ऐकू येणारे वाक्य अनुभवाला धरून वाटते. पण ते खरे नव्हे.

अशा माणसाचे गुडघे दुखू लागले की तो वेदनाशामक घेतो, आणि येथे धोका उत्पन्न होतो. मूत्रपिंडातील रक्तप्रवाह टिकवून धरण्याच्या कामीही प्रोस्टाग्लँडिनांचा उपयोग होत असतो. आयबुप्रोफेन त्यांना सर्वत्र सारखाच अटकाव करते; गुडघा कोणता व मूत्रपिंड कोणते हे ते जाणत नाही. मूत्रपिंडे निकोप असतील तर क्वचित् घेतलेली गोळी बहुधा खपून जाते. परंतु दीर्घ मधुमेहाने ती आधीच दुबळी झालेली असतील, त्यात रक्तदाबाची काही औषधे चालू असतील, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले असेल, तर त्यांचे काम झपाट्याने मंदावू शकते. मेटफॉर्मिनचे शरीरात विघटन होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ती वाट अडली की ते रक्तात साचते, आणि क्वचित् लॅक्टिक आम्लाचे प्रमाण वाढून जिवावर बेतते. म्हणूनच मूत्रपिंडाचा गाळण्याचा दर मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेल्यास मेटफॉर्मिन देत नाहीत. दोन परस्परांना अनोळखी गोळ्या अशा एका तिसऱ्या अवयवात एकमेकींना गाठतात. ‘नुसती दुखण्याची गोळी घेतली’ म्हणून जी गोष्ट रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही, तीच त्यांना कळणे आवश्यक असते.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायांचे मज्जातंतू झिजतात. आरंभी तळव्यांची आग होते, मुंग्या येतात; ही वेदना मज्जातंतूंची असल्यामुळे आयबुप्रोफेनसारख्या औषधांना ती सहसा दाद देत नाही. नंतर ती आग हळूहळू शमते, आणि पाय बधिर होतात. ‘आता काही दुखत नाही’ असे रुग्ण समाधानाने सांगतो. चपलेत शिरलेला खडा त्याला कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि ती प्रथम दिसते ती घरातल्या दुसऱ्या कोणाला. ज्या भाषेत न दुखणे म्हणजे बरे असणे, त्या भाषेला येथे आपला सिद्धांत उलटा वाचावा लागतो : दुखत नाही हेच येथे दुखणे आहे.

७. समारोप

मग या दुसऱ्या गोळीसाठी मराठीजवळ शब्द नाहीतच काय? आहेत. वेदनाशामकाच्या नमुन्याखेरीज उपचाराचा आणखी एक नमुना आपल्या भाषेत जुन्या काळापासून नांदत आहे, तो म्हणजे पथ्याचा. ‘पथ्य’ हा शब्द ‘पथ’ या शब्दापासून झाला. मार्गाला धरून असलेले ते पथ्य. पथ्य लागू पडत नाही, लागतही नाही. ते ‘पाळावयाचे’ असते. व्रत पाळतात, वचन पाळतात, नेम पाळतात. पाळणे या क्रियापदात रोजची पुनरावृत्ती गृहीत आहे, आणि त्याच दिवशी फळ दिसावे अशी अपेक्षाही नाही. पथ्य मोडले तर माणूस ‘मी सुटलो’ असे म्हणत नाही, ‘माझे चुकले’ असे म्हणतो.

तेव्हा वैद्यांनी, औषधविक्रेत्यांनी आणि घरातील शिकलेल्या मुलांनी मेटफॉर्मिनविषयी बोलताना ‘ही गोळी पाळावयाची आहे’ असे म्हणून पाहावे, अशी सूचना करावीशी वाटते. खाण्यापिण्याचे पथ्य सोडून केवळ गोळीवर विसंबावे, असा तिचा अर्थ मुळीच नाही. गोळी हा त्या पथ्याचाच एक भाग आहे. अहवाल चांगला आला तर ‘शुगर गेली’ न म्हणता ‘शुगर धरून ठेवली आहे’ असे म्हणावे. मात्रा कमी करणे किंवा गोळी थांबविणे कधी कधी योग्यही ठरते. परंतु तो निर्णय डॉक्टरांनी तपासणीवरून करावयाचा असतो, रुग्णाने बरे वाटण्यावरून नव्हे. आणि जुलाब-उलट्यांच्या दिवसांत दोन्ही गोळ्यांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

हिंजवडीच्या त्या दुकानात दोन्ही वाक्ये उद्याही ऐकू येतील. पहिल्या वाक्याला दुकानदाराजवळ गोळी आहे. दुसऱ्या वाक्याला गोळीबरोबर चार शब्दांचीही गरज आहे, आणि ते शब्द पुरविण्याच्या कामी भाषेच्या अभ्यासकाचाही थोडा उपयोग व्हावा, या हेतूने हे टिपण विद्यार्थ्यांपुढे ठेवले आहे.